एक कान उघडा ठेवून खेळलेले गेम

शिलावहिनींना गेम खेळताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं त्या कॉम्प्युटर पुसतायत. डाव्या हातात फडकं होतं, उजवा हात माउसवर होता आणि पडद्यावर एक छोटा माणूस बर्फातून घसरगाडी ओढत चालला होता. मी भाड्याची खोली बघायला आलो होतो. त्यांनी फडकं खाली ठेवलं, एक बटण दाबून त्या माणसाला बर्फातच थांबवलं आणि म्हणाल्या, "या सर. खोलीचं दार वेगळं हाय, अंगणातून. पाणी सकाळी सातला येतं. तुमाला माठ लागंल का?"

कुरुंद्याच्या झेडपी शाळेत माझी बदली झाली होती. मी मूळचा औसा तालुक्यातला. बायकोमुलं लातूरला, म्हणून एकट्यापुरती खोली हवी होती. ती मिळाली आणि चार वर्षं तिथंच राहिलो.

घर जुन्या पद्धतीचं होतं. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचं माळवद. पुढची खोली माझी. मधल्या खोलीत वहिनींच्या सासूबाई, जनकाबाई, खाटेवर असायच्या. वय ऐंशीच्या पुढं. मोरीत पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून चालणं बंद. मधल्या खोलीच्या मागं एक अरुंद खोली होती, तिचं दुसरं दार थेट अंगणात उघडायचं; तिथं कॉम्प्युटर. वहिनींचे यजमान हरिचंद कुरुंदा ते वसमत जीप चालवायचे. पहाटे पाचला जायचे ते दिवेलागणीला परत.

कॉम्प्युटर मुलाचा, स्वप्निलचा. डिप्लोमा झाल्यावर त्याला चाकणला कारखान्यात नोकरी लागली आणि कॉम्प्युटर इथंच राहिला. पहिले सहा महिने वहिनी त्याची नुसती धूळ पुसत होत्या. मग एके दिवशी स्वप्निलला कसलेसे कागद हवे होते. त्यानं फोनवर आईला सांगून कॉम्प्युटर सुरू करून घेतला आणि तिकडून स्वतःच चालवायला लागला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरताना बघून वहिनी उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, असं त्या हसून सांगायच्या. स्वप्निलनं त्या दिवशी गंमत म्हणून आईसाठी शेतीचा एक गेम टाकून ठेवला.

वहिनी त्याला म्हणाल्या, "शेती मी करूनच राहिले की रे. अजून कॉम्प्युटरमधी काहून करू?"

मग त्यानं दुसरा टाकला. त्यात एका रिकाम्या गावातून हरवलेलं कुत्रं शोधायचं होतं. वहिनींनी ते तीन दिवसांत शोधलं आणि मुलाला फोन केला, "आता?"

तेव्हापासून त्या खेळायच्या. वेळ घालवायला नव्हे. एखाद्या गेममध्ये कुलूपबंद दाराशी अडल्या तर तीन तीन आठवडे अडून राहायच्या, भाकरी थापताना त्या दाराचा विचार करायच्या, पण स्वप्निलला उत्तर विचारायच्या नाहीत. शिक्षण दहावीपर्यंत. शंभर पानी वहीत इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत उतरवून पुढं अर्थ लिहिलेले असायचे. आणि दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी त्या स्वप्निलला फोनवरून वर्षभरातले आवडते पाच गेम नंबरासहित वाचून दाखवायच्या. प्रत्येकापुढं कारण लिहिलेलं. मी एकदा ती यादी वाचली होती. पहिल्या नंबरापुढं लिहिलं होतं, "यातली संध्याकाळ बराबर आहे." मी मराठी शिकवतो. एवढं नेमकं वाक्य मला सुचलं नसतं.

गेमांची इंग्रजी नावं त्यांच्या तोंडात बसत नसत. त्या आपली नावं द्यायच्या. उंटवाला. कुलपाचं घर. मी सांगतोय त्या वर्षी जूनमध्ये स्वप्निलनं एक नवा पाठवला, त्याचं नाव वहिनींनी ठेवलं खाणीतली बाई. कंदील घेतलेली एक बाई खाणीत उतरते आणि आत अडकलेल्या आपल्या भावाला शोधते. स्वप्निल म्हणाला होता, "आई, या वर्षाचा सगळ्यात भारी गेम हाय. पण हेडफोन लावूनच खेळ. सगळी मजा आवाजात हाय." त्यानंच निळे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन पाठवले होते. हरिचंदभाऊ गेले, सासूबाईंचं आवरलं, त्यांना चहा दिला की सहा ते सात हा तास वहिनींचा. सातला नळ यायचा.

आता जमिनीच्या आवाजाबद्दल सांगायला हवं.

आमच्या त्या भागात जमिनीतून आवाज येतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसून आपल्याकडं बघतो. खोल कुठंतरी रिकामं पिंप गडगडत जावं तसा आवाज. कधी नुसता आवाज, कधी त्यामागं धक्का. शाळेत आवाज झाला की चाळीस पोरं एकदम वर बघायची, आणि मी फळ्याकडं तोंड करून उभा राहायचो, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसू नये. माणसं घरात कोण कुठं झोपतं याचा हिशेब करू लागली होती. अधिकारी येऊन पत्रक वाटून गेले होते, घराबाहेर पडा, मोकळ्या जागेत थांबा. किल्लारीचं नाव कुणी मोठ्यानं घ्यायचं नाही. मी तर कधीच घेत नसे. किल्लारी झाली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.

जुलैतली ती सकाळ. मी अंगणात दात घासत होतो. आधी नजमुन्निसा आपांच्या, म्हणजे शेजारच्या घरातल्या कोंबड्या ओरडल्या. मग तो आवाज आला, नेहमीपेक्षा जवळून. मग पायाखालची फरशी सरकली. स्वयंपाकघरातली भांडी एकामागून एक पडायला लागली, आणि शेजारच्या छपरांचे पत्रे असे वाजले की वरून कुणी पळत जातंय.

मी पळालो. ब्रश तोंडात तसाच. रस्त्यावर सगळी गल्ली उभी होती. कुणी लेकरांना छातीशी धरलेलं, कुणी ओल्या केसांनी. नजमुन्निसा आपाच पहिल्यांदा ओरडल्या, "शिला कुठं हाय? अहो सर, शिला कुठं हाय? म्हातारी?"

मला त्याचं उत्तर माहीत होतं. दोघी आत होत्या. माझे पाय हलले नाहीत.

मिनिटभरानं, फार तर दीड मिनिटानं, शिलावहिनी मागच्या खोलीतून थेट अंगणात येऊन दारात आल्या. हेडफोन गळ्यात होते. एवढी माणसं बघून त्या गोंधळल्या आणि म्हणाल्या, "पाणी आलं का?"

कुणीतरी हसलं. भीतीनं हसतात तसं. मग त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडं नीट बघितलं, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग मी जाताना पाहिला. त्या आत धावल्या. आता मीही मागं गेलो.

जनकाबाई खाटेवर नव्हत्या. मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर पालथ्या पडल्या होत्या. खाटेवरून स्वतःला खाली टाकून, कोपरांवर सरपटत त्या तिथवर आल्या होत्या. आणि खाटेवर, उशीच्या जागी, माळवदातून सुटलेला मातीचा हा एवढा गोळा पडला होता. त्यात एक दगडही होता.

वहिनींनी त्यांना उचलून मांडीवर घेतलं. जनकाबाईंच्या तोंडात माती गेली होती. ती थुंकून त्या म्हणाल्या, "किती हाका मारल्या ग तुला."

रागानं नाही. सांगितल्यासारखं.

नंतर वहिनींनी मला सांगितलं ते असं, की खाणीतली बाई नेमकी तेव्हा खोल बोगद्यात होती आणि गेममध्येही खाण ढासळत होती. कानात गडगड, पडद्यावर धूळ. टेबल हललं ते त्यांना जाणवलं होतं. "मला वाटलं, किती भारी बनवलाय, टेबलबी हलवतो." हे सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता.

गावात बोलणं व्हायचं ते झालं. म्हातारी आत ओरडत होती अन् सून गेम खेळत होती. हरिचंदभाऊ भांडणारा माणूस नव्हता. त्यांनी तुळईला दोन लाकडी टेकू लावले, खाट दाराजवळ ओढली आणि जेवताना एवढंच म्हणाले, "ते बंद कर आता." वहिनींनी कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली.

त्यानंतरचे वीस-बावीस दिवस त्या घरात भीती कशी राहते ते मी बघितलं. वहिनी अंघोळीला गेल्या तर मोरीचं दार लावायच्या नाहीत. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की पीठ मळता मळता उठून उभ्या. हलतंय का हे कळावं म्हणून त्यांनी लोखंडी पेटीवर एक तांब्या ठेवला आणि त्यावर पितळी पेला पालथा, जरा कलता. धक्का बसला की पेला पडणार. मग त्या दिवसभर त्या पेल्याकडं बघायच्या, आणि पेल्याकडून सासूकडं. मला विचारायच्या, "सर, आत्ता हललं का?" मी नाही म्हणायचो. दहा मिनिटांनी पुन्हा. खरं सांगायचं तर त्यांनी विचारलं की मलाही हलल्यासारखं वाटायचं.

शेवटी जनकाबाईच कंटाळल्या. एका दुपारी मी वह्या तपासत होतो, भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "शिले, तू दिसभर माझ्याकडंच बघत बसतीस. मला मेल्यावानी वाटतं."

"मग काय करू आत्या?"

"त्ये तुझं काय असतंय ते कर. पर इथं कर. मला दिसंल असं."

वहिनींनी दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आणि हरिचंदभाऊंनी मिळून कॉम्प्युटर मागच्या खोलीतून मधल्या खोलीत आणला, दारापासून चार पावलांवर. वायर हरिचंदभाऊंनीच खिळे मारून बसवली.

पहिल्या दिवशी वहिनींनी हेडफोन लावले आणि लगेच काढून ठेवले. मग एक बाजू कानावर आणि दुसरी कानामागं, अशा बेतानं लावून बसल्या. तेव्हापासून तसंच. उजवा कान गेमला, डावा घराला. डोळ्यांचंही तेच. पडदा, पेला, आत्या. पडदा, पेला, आत्या. अशा तऱ्हेनं कुणी गेम खेळू शकतं यावर माझा विश्वास बसला नसता. त्या हरायच्याही खूप. पण एवढ्या दिवसांत प्रथमच त्यांनी मला हललं का म्हणून विचारलं नाही.

खाणीतली बाई त्यांनी पुन्हा उघडली नाही. ती बोगद्यात जिथं होती तिथंच राहिली.

स्वप्निल फोनवर विचारायचा, काय पाठवू? वहिनी दोन-तीन गोष्टी आधी विचारून घ्यायच्या. मधेच थांबवता येतो का? आवाजाशिवाय जमतो का? जमीन हलते का त्यात? तो हसायचा, मग एकदा हसला नाही. त्या दिवशी तो म्हणाला, "आई, तुमी तिघंबी इकडं या ना." वहिनी म्हणाल्या, "आत्याला जीपमधी बसवतं का रे? वसमतलाबी जाणं होईना तिचं."

ऑक्टोबरात त्यानं नावेचा गेम पाठवला. हा दोघांनी मिळून खेळायचा होता. मोठ्या पाण्यावर एक होडी, डावं वल्हं एकाकडं, उजवं दुसऱ्याकडं. त्याच्या मनात होतं, रविवारी तो चाकणहून एक वल्हं मारेल आणि आई इकडून दुसरं. पण नेट तेवढं चालेना. वहिनी एकट्याच दोन्ही हातांनी दोन्ही वल्ही मारत बसल्या होत्या, तेव्हा जनकाबाई खाटेवरून म्हणाल्या, "ही सिद्धेश्वर धरणावरची नाव हाय का?"

"न्हाई आत्या. कुठलीबी नाव हाय."

"माझा भाऊ मासे धराया जायचा सिद्धेश्वरला. मी बसलेय नावेत. असं न्हाई वल्हवत."

"मग कसं?"

वहिनींनी कीबोर्ड वायरीसकट ओढून खाटेवर ठेवला. उजव्या वल्ह्याच्या बटणावर आपल्या कपाळाची टिकली काढून चिकटवली. जनकाबाईंना तेवढंच ठाऊक, टिकली दाबायची. सुरुवातीला त्या विसरून जायच्या आणि होडी जागच्या जागी गोल फिरायची. वहिनी ओरडायच्या, "दाबा की आत्या!" आणि म्हातारी दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. पंधरा दिवसांत दोघी काठाकाठानं जायला शिकल्या. दिवाळीपर्यंत त्यांनी तीन बेटं ओलांडली.

मला वाटायला लागलं होतं की आता निभावलं.

दिवाळीनंतरचा रविवार होता, सकाळी दहाचा सुमार. मी खोलीत पेपर वाचत होतो आणि पलीकडून दोघींचे आवाज येत होते, दाबा, थांबा, दाबा. मग पेला पडला. तो आवाज मी ओळखत होतो. त्याच क्षणी भिंत गुरगुरली. मी अंगणात आलो तेव्हा माझ्या पुढं कुणीतरी होतं.

शिलावहिनी होत्या. अंगणाच्या मध्यभागी, तुळशीपाशी. एकट्या.

त्यांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं. रिकामे होते. आपण कुठं आहोत हे त्यांना आत्ताच कळलं असावं. तोंडातून एक बारीकसा आवाज आला फक्त. जमीन थांबली होती की नाही हे आता सांगता येणार नाही. मला तर ती त्यानंतर तासभर हलतच होती. पण त्या वळल्या आणि आत गेल्या. माळवदातून माती गळत होती, ती मला दारातून दिसत होती. मी चार पावलं टाकली, उंबऱ्याशी थांबलो, आणि मग तोही ओलांडला. वहिनींनी चादरीसकट जनकाबाईंना खाटेवरून ओढलं होतं. मी पायांकडची बाजू धरली. अंगणात आणून टाकल्यावर आम्ही तिघंही तिथंच बसलो.

मग जनकाबाईंनी वहिनींच्या हाताला हात लावला. "आलीस न्हवं," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

वहिनींना उलटी झाली. नजमुन्निसा आपांनी भिंतीवरून पाणी दिलं.

त्या संध्याकाळी त्या माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "सर, मी सगळं ठरवलं होतं. पेला पडला की चादर धरायची, चार पावलं, अंगण. रोज मनात करून बघत होते. पण पाय गेले. मी नव्हते गेले, पाय गेले. कुणाला सांगू हे?"

मी म्हणालो, "वहिनी, जुलैत तुम्ही दोघी आत आहात हे मला ठाऊक होतं. मी रस्त्यावर उभा होतो. आपा विचारत होत्या तरी उभा होतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला माफ केलं असं काही नाही, त्यांच्याकडं तेव्हा तेवढी जागाही नव्हती. "मग तुमालाबी झोप न्हाई येत," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

त्याच आठवड्यात हरिचंदभाऊंनी चार दिवस जीप बंद ठेवली आणि अंगणात पत्र्याची शेड उभी केली. खाली बांबू, वर हलका पत्रा, बाजूला ताडपत्री. जनकाबाईंची खाट तिथं, वहिनींचं अंथरुण तिथं, कॉम्प्युटरही तिथंच. उन्हं आली की पडदा दिसायचा नाही, म्हणून वरून गोणपाट. मी माझी खाटही बाहेर काढली. स्वयंपाक तेवढा घरात व्हायचा, आणि तोही वहिनी इतक्या घाईनं उरकायच्या की भाकरी कच्ची राहायची.

नावेचा गेम त्यांनी आठ दिवस सुरू केला नाही. जनकाबाईंनीच टिकलीचा कीबोर्ड मागितला.

डिसेंबरचा शेवटचा रविवार आला. संध्याकाळचे पाच-साडेपाच झाले असतील. थंडी चांगली पडली होती. शेडमध्ये जनकाबाई खाटेवर, पायाशी मी. हरिचंदभाऊ त्या दिवशी लवकर येऊन जीप धुवत होते, पण नळी बंद करून ऐकत होते. वहिनींनी फोन स्पीकरवर ठेवला, वही उघडली आणि चष्मा लावला.

"पाचवा नंबर," त्या वाचू लागल्या, "रेल्वेचे रूळ बदलायचा. कारण, एक बटण दाबलं की सगळ्या गाड्या, सगळी माणसं, पक्षीबी थांबतात. चौथा, घड्याळ दुरुस्तीचा. आवाजाची गरज न्हाई. हात थरथरत असंल तर तो खेळता येत न्हाई, त्यामुळं आपला हात कसा हाय ते कळतं. तिसरा, उंटवाला. त्यात एकबी घर न्हाई. छत न्हाई कुठंच. नुसतं आभाळ."

"बरं," स्वप्निलचा आवाज आला. तो लिहून घेत असावा.

"दुसरा, रंगाचा. ती पोरगी बिनरंगाच्या गावात रंग भरत जाती तो. लई सुंदर हाय. तो पहिलाच येणार होता. पण तो खेळताना मी एकदा दहा मिनिटं पेल्याकडं बघितलंच न्हाई. नंतर ध्यानात आलं अन् लई भेव वाटलं. म्हणून दुसरा."

मी हरिचंदभाऊंकडं बघितलं. ते जीपच्या बॉनेटकडं बघत होते.

"अन् खाणीतली बाई?" स्वप्निल म्हणाला. "आई, तो तर सगळ्या जगात पहिला आलाय यंदा."

"असंल. चांगलाच हाय तो. मी त्याला नंबर देणार न्हाई."

"पण पूर्ण तरी..."

"न्हाई रे बाळा."

वहिनींनी पान उलटलं. "पहिला, नावेचा. कारण..." आणि त्या थांबल्या. मला त्यांच्या वहीतली ओळ दिसत होती. कारणाच्या पुढं काही लिहिलेलंच नव्हतं.

"सांग की," जनकाबाई म्हणाल्या. "मला चांगला येतो म्हणून."

"व्हय. आत्याला चांगला येतो म्हणून."

स्वप्निल हसला आणि काहीतरी बोलायला लागला, तेवढ्यात आवाज आला.

पिंप गडगडत गेलं, उत्तरेकडून दक्षिणेकडं, पायांच्या खालून. धक्का नव्हता. पण तो येणार नाही हे तेव्हा कुणाला माहीत असतं? हरिचंदभाऊंनी नळी टाकली. आम्ही तिघांनी खाटच उचलली, जनकाबाईंसकट, आणि शेडबाहेर उघड्यावर आणून ठेवली. सगळी गल्ली बाहेर आली होती. नजमुन्निसा आपा ओट्यावरून मोठ्यानं दुआ म्हणत होत्या. कुत्री भुंकत होती आणि मग एकदम भुंकायची थांबली, ते जास्त वाईट होतं.

पाच मिनिटं गेली. दहा. अंधारायला लागलं. वारा सुटला होता आणि जनकाबाईंचे दात वाजत होते.

"माझी शाल," त्या म्हणाल्या.

शाल घरात होती, मधल्या खोलीतल्या खुंटीवर. चौघांनाही ते ठाऊक होतं. हरिचंदभाऊ म्हणाले, "जरा थांब आये. माझा सदरा घे." त्यांनी सदरा काढून तिच्या अंगावर टाकला, पण तो जीप धुताना भिजलेला होता. मी माझ्या खाटेवरचं पांघरूण आणायला वळणार, तोवर शिलावहिनी घराच्या दाराशी पोचल्या होत्या.

त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. एक हात चौकटीला धरलेला. चौकट हलतेय का ते बघत असाव्यात. आत अंधार होता. मागून मला त्यांचे खांदे वरखाली होताना दिसत होते. हरिचंदभाऊंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही.

त्या आत गेल्या.

आम्ही दाराकडं बघत राहिलो. मी मोजत होतो, नकळत. चार पावलं जायला, चार यायला, मध्ये खुंटी. मोजून संपलं तरी त्या आल्या नाहीत. पुन्हा मोजायला लागलो. शेडमध्ये वहिनींच्या अंथरुणावर पडलेल्या फोनमधून स्वप्निल बोलत होता, "आई? आई, आवाज काहून येईना? आई?"

मग त्या बाहेर आल्या. शाल खांद्यावर होती. चेहरा घामानं डबडबला होता, त्या थंडीत. सासूच्या अंगाभोवती त्यांनी शाल गुंडाळली, टोकं खाटेखाली खोचली, मग शेडमध्ये जाऊन फोन उचलला.

"हां, बोल."

"काय झालं? कुठं गेली होतीस?"

"काही न्हाई," वहिनी म्हणाल्या. श्वास अजून जागेवर आला नव्हता. "आत्याची शाल आणाया गेले होते. घरातून."